नकाशात चौदावी पायरी नाही

तिकीट वीस रुपये. लहान मुलं फुकट, पाणी ज्याचं त्यानं.
अमळनेरहून निघालेल्या जीपमधून आम्ही सात जण उतरलो.
मे महिन्यातलं सकाळी दहाचं ऊन
आणि बोरीचं पात्र इतकं कोरडं
की पोरांनी त्यात चुन्यानं क्रिकेटची पीच आखलेली.

हवेली रुईवाल्या शेठची.
दर्शनी भागाला अकरा वर्षांपूर्वी बांधलेली परांची,
आता त्या बांबूंनाच टेकू द्यावा लागेल.
दाराशी काचेच्या पेटीत नकाशा:
तळमजला, पहिला मजला, छेद क-क.
उजव्या कोपऱ्यात बारीक आद्याक्षरं, दि. भा. सो.
ती माझी.

मी कुणाला सांगितलं नाही.
धुळ्याच्या कचेरीत, पंख्याखाली,
कागदावर पितळी वजनं ठेवून काढली होती मी ही वास्तू
दुसऱ्यानं आणलेल्या मापांवरून.
पाय आज पहिल्यांदा ठेवतोय, पेन्शन सुरू झाल्यावर.

किल्ल्यांचा जुडगा कौतिकबाईच्या कमरेला.
"भितडाले धरी चाला, मझारली फयी सडेल शे."
बिडाचे खांब विलायतेतून आले, हे ती सांगत नाही.
सांगते ते असं, की हा खांब नऊपर्यंत गार असतो,
नंतर त्याला लेकरू टेकवू नका.
रंगीत तावदानांखाली एक नवं जोडपं फोटो काढत होतं.
पोरीच्या गालावर हिरवा पडला. ती म्हणाली, पुन्हा काढ.

मग जिना.
मी मनात मोजत गेलो. तेरा काढल्या होत्या,
तेराव्यावर उभा राहून
सपाटीच्या भरवशावर पुढचा पाय टाकला
आणि ठेचकाळलो.
चौदा.
अंदाजपत्रक, निविदा, तीन साहेबांच्या सह्या,
सगळ्यांतून निसटलेली ती,
मधोमध झिजून पन्हळीसारखी झालेली.
कौतिकबाई मागे न पाहता म्हणाली,
"सम्दा आठेच ठेचकातस."

दिवाणखान्याच्या भिंतीला भेग.
मी ती टू-एच पेन्सिलनं काढलेली, केसाएवढी.
इथं तिच्यात बोट जातं.
भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवावी, तारीख घालावी,
काच तडकल्यास भिंत अद्याप सरकत आहे असे समजावे:
ही टीप माझीच, सुवाच्य अक्षरात.
तारीख होती. पट्टी नव्हती.
तिच्या जागी चुन्यात बसवलेला
हिरव्या बांगडीचा तुकडा.
"काच फुटनी, सायेब उना नई.
मंग मी मनी लाई."
हा तिसरा. आधीचे दोन तडकलेले
तिनं तपकिरीच्या डबीत जपून ठेवलेत,
साहेब आलाच तर दाखवायला.

मागच्या अंगणाला लागून एक ठेंगणी खोली.
माझ्या नकाशात तिच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह आहे.
मापं आणणाऱ्यानं लिहिलं नव्हतं,
मी विचारलं नव्हतं.
फरशीत गोल खळगा, भोवती गुळगुळीत झालेला दगड.
"मनी माय आठे दयन दये," ती म्हणाली,
आणि मग, सहज, "नकाशामा काय लिखेल शे आठे?"
आमच्यातला एक शाळकरी मुलगा बाहेर पळत जाऊन पाहून आला.
"प्रश्नचिन्ह आहे."
"म्हंजे?"
कुणीच काही बोललं नाही. जीपवाल्यानं हॉर्न दिला.

मी पावलांनी खोली मोजली. साडेआठ बाय सहा.
पेटीची किल्ली आहे का, विचारलं.
जुडग्यात बाकी सगळ्या होत्या,
तेवढी एक धुळ्याला.

खिशातल्या पेन्सिलनं तिकिटाच्या पाठीवर लिहिलं,
जात्याची खोली, साडेआठ बाय सहा. पायऱ्या चौदा.
आणि तिच्या हातात दिलं.
तिनं उलटंसुलटं करून पाहिलं,
नियमाप्रमाणे मधून फाडलं
आणि अर्धं मला परत दिलं.