दीड बोट

तन्वीर, काल रात्री फोनवर तू विचारलंस,
"मॅडम, सरकारीत आपल्यासारख्यांना स्कोप काय?"
मी म्हटलं, उद्या सांगते.
उद्या उजाडला. सीबीएसवरून सहा पाचची आजरा गाडी,
निपाणीला चहा, उत्तूरला निम्मी गाडी रिकामी,
आणि मी अजून उत्तर जुळवतेय.

जाहिरातीत 'वैद्यकीय अधिकारी' वाचून उडी मारू नकोस,
खाली शैक्षणिक अर्हता बघ.
आपल्या जागा निघतात तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या,
आणि त्या निघेपर्यंत वय निघून जातं.
तोवर कंत्राट. ऑर्डर अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड:
त्या दिवशी हजेरीपटावर आपण कुणीच नसतो.
मी पडदे धुते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर.

तुझ्या बॅचच्या पोरांनी राजारामपुरीत, सातव्या गल्लीत
काचेची दारं लावलीत, ठाऊक आहे मला.
इथल्या खुर्चीचं डोकं मागं जात नाही,
होडगे मावशींनी तिच्या एका पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवलाय.
कॉम्प्रेसर सुरू झाला की रांगेतले दोघं तरी
दुखायचं थांबलं म्हणून घरी जातात.

मिश्री सोडा म्हटलं की बायका हसतात,
काळ्या हिरड्या दाखवत,
"मग सकाळी उठायचं कशासाठी, बाई?"
या प्रश्नाला अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

शाळा तपासणी म्हणजे चारशे तोंडं, एक टॉर्च,
आणि खिचडी शिजायच्या आत सगळं उरकायचं.
पहिलीतल्या एका पोरीनं मुठीतून पडलेला दात काढला,
म्हणाली, तुम्ही सरकारी ना, जमा करून घ्या.
आणि पावती मागितली.
मी दिली. शिक्क्यासकट.

पण तुला सांगायचं होतं ते विक्रांत सुताराचं.
बावीस वर्षांचा. तिखट झोंबतंय म्हणून आला.
उघड म्हटलं, तर म्हणाला, "उघडलंय की."
स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांत जायला हवीत.
त्याची दीड गेली.
सहावीपासून पुडी. भाकरी आता कुस्करून,
यात्रेच्या मटणाचा नुसता रस्सा, तोही पाणी घालून.

मी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या,
रोज दातांत रचायच्या, आठवड्याला एक वाढवायची.
सुतारच तो. पुढच्या वेळी सागवानाच्या पट्ट्या घेऊन आला,
रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या,
"तुमच्या काड्यांना कुसं होती, मॅडम."
गालातला तुकडा मी तपासायला सीपीआरला पाठवला.

रिपोर्टचं पाकीट आलं ते नेमकं खंडाच्या दिवशी.
मावशींचा फोन: "पाकीट आलंय, पोरगं दारात बसलंय,
आणि तुम्ही तर आज नाही."
पडदे भिजत घातले होते.
पुढची गाडी साडेनऊची होती.

ओपीडीत बसायचा मला हक्क नव्हता.
गेटाबाहेर, काजूवाल्याच्या हातगाड्याशेजारी, पाकीट फोडलं.
वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं.
"पुडी सोडलीस तर वेळ आहे," म्हटलं.
त्यानं खिशातली पुडी काढली, बघितली, परत ठेवली.
पुढच्या महिन्यात खिसा रिकामा होता,
पुढच्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा भरलेला,
मग पुन्हा रिकामा.
आता दोन बोटं जातात.
कपाटात त्याच्या पट्ट्यांचे चार संच आहेत,
चार जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले.
एकाचं वय चौदा.

तर स्कोप.
अकरा महिन्यांत अर्धं बोट.
याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल,
आणि कमी सांगितलं तरी.

अर्ज भरणार असशील तर सगळ्या कागदांच्या तीन प्रती काढून ठेव,
जात पडताळणी आधी उरक, तिथंच माणसं अडकतात.
आणि टॉर्च स्वतःचा आण.
इथला मिचमिचतो.