बसतली, पण घासतली

चार भोकं जुळली. मधलं नाही.
तीन मिलिमीटरचा फरक,
एकवीस वर्षांचा म्हणा.

बस्त्यावने नव्या मॉडेलचं रुंद अलॉय
हाताने फिरवून पाहिलं,
मग माझी बुटकी दोन-सीटर,
जिच्या बॉनेटवर वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याने
नकाशे काढलेत.
"बसतली," म्हणाला, "पण घासतली."

मोडीत निघालेल्या ट्रॉलरच्या शाफ्टचं
पितळी बुश त्याने लेथला लावलं.
पिवळा भुगा बनियनवर, भुवयांत, चहात.
चार कड्या निघाल्या.
कासाराने बांगडी वाजवावी
तशी एकेक वाजवून दिली.

जुन्या चाकांपैकी दोन
मिंगेलच्या होडीला नांगर म्हणून गेली.
एकात मांजर व्यायली.
एक डिकीत आहे, उगाच.

गाडी आता दीड बोट उंच,
आणि पुळणीकडून येताना
पिंपळाशी डावीकडे पुरतं वळलं
की मडगार्ड कुरकुरतं.
ते ऐकून मालन
तिरफळाच्या आमटीखाली गॅस पेटवते.

बस्त्याव म्हणतो, "ये, आतली कड कापून देतंय.
धा मिनटांचा काम."

बघू, म्हणतो मी.
शिमगा होऊन जाऊ दे.