डावीकडची थंडी

एर्देनेतमध्ये उणे एकतीस होतं
तेव्हा नामखाइ गाडी चालूच ठेवून गॅरेजात आला.
बंद केली तर दुपारपर्यंत तिचा दगड होतो,
इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.
"उजवीकडे मी भाजून निघतो," तो म्हणाला,
"डावीकडे बायकोच्या काचेला आतून बर्फ.
दोन महिने झाले, ती मागे बसते
आणि बोलत नाही."

दोलगोर हसली नाही. बॉनेट उघडलं,
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या
वैद्याने मनगटं धरावीत तशा धरल्या.
"तूही धर."
धरल्या. दोन्हींचा चटका सारखाच.
"एक गरम, एक गार असती तर?"
"तर हीटरची जाळी तुंबलेली."
"आणि दोन्ही गार?"
"थर्मोस्टॅट. नाहीतर पाणी कमी. नाहीतर –"
"पुरे. गरम आहेत ना दोन्ही?
मग ऊब दारापर्यंत आलीय.
दार कोण अडवतंय ते बघू."

आधीच्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला होता,
पंपसुद्धा.
आग एकीकडे, बंब भलतीकडे,
पैसे तेवढे बरोबर जागी पोचलेले.

तिने पंखा बंद करायला लावला.
रेडिओ बंद. नामखाइ बंद.
मी बटण फिरवलं, निळ्याकडून लालकडे,
आणि डॅशबोर्डच्या पोटात, पार आत,
टक् टक् टक् टक् –
कुणीतरी दार ठोठावत होतं,
मग दमून थांबलं.

सामानाचा कप्पा उतरवला.
त्यात दंडाच्या दोन पावत्या, वाळक्या दह्याचे खडे,
आजवर कुणालाही वाचता न आलेली जपानी पुस्तिका.
तीन स्क्रू. चौथा लपलेला; चौथा असतोच.
मागे काडेपेटीएवढी मोटर,
आणि तिच्या हुकमतीखालची झडप,
जी बोटाने फिरवली तर अर्ध्यावर अडली.
"मोटरला दोष देऊ नको," दोलगोर म्हणाली,
"ती बिचारी ढकलत होती."

माझी बोटं बारीक, म्हणून काम माझं.
वाकवलेली तार, तोंडात टॉर्च, चाळीस मिनिटं,
खांद्याखाली आसनाची गोठलेली कड.
शेवटी तळहातावर आलं
मेंढीच्या घोट्याचं हाड:
खेळून खेळून गुळगुळीत, एका बाजूला
नेलपॉलिशचा लाल ठिपका.

"माझं नाही," नामखाइ म्हणाला.
"गाडी दर्खानहून घेतली. त्याआधी कुणाची, देव जाणे."

म्हणजे कुठलंसं पोर, लांबच्या रस्त्यावर,
गुडघ्यांवर उभं राहून डॅशबोर्डवर हाडं टाकत असणार.
घोडा, उंट, मेंढी, आणि हे चौथं
काचेखालच्या फटीत.
गाडीने खाल्लं, असं ते रडून सांगत असणार
आणि पुढे बसलेल्यांनी म्हटलं असणार, गप्प बस.

मोटरच्या चक्राचे दोन दात झिजलेले.
मागच्या अंगणात एक मेलेली गाडी आहे
जी अजून सगळ्यांना अवयव पुरवते;
तिचं चक्र बसवलं.
झडप या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चाचपत गेली,
आपली हद्द शिकली.
डावीकडून आधी गार हवा,
मग जळक्या धुळीचा वास,
मग ऊब.
काचेवरचा बर्फ खालच्या कडेपासून सुटत आला.

पैशांवरून घासाघीस झाली, ती सांगण्यासारखी नाही.
हाड त्याला नको होतं.
दोलगोरने ते बाकावर टाकलं: बोकड.
पुन्हा टाकलं: बोकड.
मग नट-बोल्टच्या डब्यात टाकून दिलं,
जिथे ते अजून माझ्या हाताला लागतं
मला भलतंच काही हवं असताना.

रविवारी बाजारात गाडी दिसली.
डावी काच लख्ख. डावी सीट रिकामी.
बायको मागेच, खिडकीकडे तोंड करून.

मी दोलगोरला सांगितलं.
ती म्हणाली, "त्या नळ्या
आपण धरून बघितलेल्या नाहीत."