मागच्या डाव्या चाकाचे दात

अकरा वर्षं टॉवेलच्या गोदामात उभी होती
एक्याण्णवची, दोन दारांची, चेरी रंगाची जपानी गाडी.
इराबत्ती शेठच्या पोरानं ताडपत्री ओढली
तेव्हा धुळीआधी सूत उडालं.

इंजिन तिसऱ्या दिवशी बोललं.
एबीएसचा दिवा मात्र विझेना.
शेठ म्हणाले, बल्ब काढून टाक की,
ब्रेक तर लागतोय.

लागतो. कोरड्या रस्त्यावर सगळ्यांचाच लागतो.
अक्कलकोट रोडला मळीचा टँकर गळत गेल्यावर
मग विचारा, लागतोय का.

डॅशखालच्या डब्यातल्या दोन खाचा
वायरीच्या तुकड्यानं जोडल्या
आणि बसलो दिव्याकडे बघत.
तीन लांब, दोन आखूड. थांबला.
तीन लांब, दोन आखूड.
जुन्या गाड्या अशा बोलतात,
लॅपटॉप लागत नाही, मोजणारा लागतो.
मागचं डावं चाक.

नान्ना अशोक चौकात चार माग सांभाळायचे.
मागाला एक काटा असतो,
दर फेरीला आडवा धागा शिवून बघणारा.
धागा नसला की माग थांबतो.
माग थांबला की मजुरी थांबते.
एका दिवाळीआधी नान्नांनी काटा तारेनं बांधला.
रात्रभर माग थांबला नाही.
सकाळी नऊ चादरी,
त्यातल्या तिघींवर मोराला गळाच नाही.
दोन महिने पगारातून कापले.
त्या काट्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत,
पण मी घरातला फ्यूज जाड तारेनं बांधायला घेतला
की ताटावरून उठायचे.

सेन्सर मीटरला लावला: अकराशे ओहम. जिवंत.
चाक हातानं फिरवलं,
मीटरचा काटा डोलला, डोलला,
आणि एका जागी अडखळला.
पुन्हा फिरवलं. तीच जागा.
खडूनं खूण केली.

आत कंगव्यासारखी कडी, अठ्ठेचाळीस दात.
टॉर्च तोंडात धरून मोजले.
सदतीसपासून चाळीसपर्यंत फटी बुजलेल्या:
टॉवेलचं सूत, ग्रीस,
चुंबकानं ओढून घेतलेली लोखंडी भुकटी,
दाबून दाबून झालेला नमदा.
चाक फिरत होतं.
गाडीच्या मेंदूला वाटत होतं, अडकलं.

दाभण घेतलं, जुना टूथब्रश घेतला,
मकबूल नदाफ लेथवरून ओरडला,
काय रे, दात घासतोस का गाडीचे?
घासत होतो.
मग सेन्सरची फट, फीलर पट्टीनं, पॉइंट आठ.
ब्रेक ऑइल काढलं तर हॉटेलातल्या उकळत्या चहाचा रंग,
अकरा वर्षं हवेतली ओल पीत बसलेलं.
नवं भरलं. चारी चाकांची हवा काढली,
पोरगं पेडल दाबत मोठ्यानं आकडे म्हणत होतं,
सतराला झोपलं.

पहाटे साडेपाच, होटगी रोड, मे महिना.
रस्त्याला वाळू सांडलेली, मुद्दाम तिथेच नेली.
पन्नासला असताना म्हटलं, आता. पूर्ण दाबा.
पेडल पायाखाली धडधडलं.
शेठ ओरडले, तुटलं काहीतरी!
तुटलं नाही. मोजतंय. पाय काढू नका.
मी बाजूच्या सीटवर, तळवे फरशीला टेकलेले,
आणि तीच थरथर,
कारखान्याच्या पोटमाळ्यावर
जिच्यावर आम्ही भावंडं झोपायचो.

गाडी सरळ थांबली. दिवा नाही.
एक टिटवी ओरडत गेली.

बिलात लिहिलं: सफाई, चारशे.
शेठ म्हणाले, नुसत्या सफाईचे चारशे?
ऑइलचे वेगळे लिहिले होते, ते वाचलेच नाहीत.

अकराव्या दिवशी फोन. दिवा परत लागलाय.
पोराला फोनवरच खाचा सांगितल्या,
म्हटलं, मोज.
दोन लांब, एक आखूड.
पुढचं उजवं.
चार चाकं आहेत, शेठ, म्हटलं.
घेऊन या. हळू या.