माईकचं बटण

बटण लाल आहे.
दाबलं की मी सरकारी माणूस,
"प्रयाणिकरे, दयविट्टु गमनिसि"
आणि मग गावं, एकामागून एक, फलाटाच्या नंबरासकट.
सोडलं की मी कंग्राळीच्या यल्लाप्पा पावशेचा धाकटा,
खिडकीच्या भोकातून वाकून
"होय की मावशी, तीच ती, पुढं जाऊन बसा" म्हणणारा.

अकरा वर्षं झाली. वर एक भाषा, खाली एक,
मधे अर्ध्या इंचाचं स्प्रिंग.
आई विचारायची, घसा दुखत नाही काय रे?
घसा नाही, म्हणायचो, अंगठा दुखतो.

तिला पाट्या वाचता यायच्या नाहीत.
तिनं अक्षरांना नावं ठेवली होती, चांगल्या अर्थानं:
सांबऱ्याच्या गाडीवर वेटोळं घातलेलं मांजर,
बेळगुंदीच्या गाडीवर तुरा असलेली कोंबडी,
हिंडलग्याला काय होतं, विसरलो.
चुकली एकदाच,
पाट्या दिव्यांच्या झाल्या त्या साली,
मांजराचे नुसते ठिपके उरले होते.

परवा तिघं आले. तिवईवर दुर्बीण लावून
स्टँडसमोरचा रस्ता मोजत राहिले.
शहर वाढतंय, म्हणाले, हलकी रेल्वे येईल कधीतरी.
कट्ट्यावर बेळगुंदीची भरमाक्का बसलेली.
"हलकी म्हंजे किती हलकी रे?
रताळ्याचं पोतं चढतंय काय त्यात?"
मोजणारा हसला. वहीत लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं.

तर त्या मंगळवारी,
शेवटची बेळगुंदी, सव्वाआठची.
ईरप्पा स्टेअरिंगवर, शिवलीला दारात,
गळ्यातल्या मशीनमधून शून्य रुपयांच्या तिकिटांची शेपटी लोंबत.
भरमाक्का पार तिकडं, टोकाच्या खांबापाशी,
रिकामी पाटी काखेत, एका हातानं गुडघा धरून पळत.
माझी घोषणा संपली होती.
अंगठा उचलायचा राहिला.

"अगं पळू नकोस गं आक्का, पडशील!
थांबवतो की गाडी!
ईरप्पा, थांब रे, म्हातारी येऊ दे!"

सगळ्या स्टँडभर. दहा भोंग्यांतून.
हुबळीच्या फलाटावर, गोकाकच्या, कोल्हापूरच्या.
माझाच आवाज फिरून मला येऊन लागला.
स्टँड गप्प.
उसाच्या चरकाचं घुंगरू तेवढं वाजत राहिलं.
आदल्याच आठवड्यात कोगनोळीला गाड्या अडवल्या होत्या,
एकीच्या काचेला काळं फासलं होतं.
कुणी कुणाच्या, ते विचारू नका,
पाळीपाळीनं असतंय ते.

बटण सोडलं. कानशिलं तापलेली.

मग ईरप्पानं,
सौंदत्तीकडचा माणूस, मराठीतलं
"थांब" आणि "चहा" एवढंच येणारा,
इंजिन बंद केलं.
इंजिन बंद केल्याचाही एक आवाज असतो.
शिवलीला खाली उतरली, "बा अज्जी, निधान, निधान,"
आणि पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.
भरमाक्का पायरीवर टेकली, वळली,
बिनमाईकची, तरी माझ्या खिडकीपर्यंत:
"आलो रे बाबा, मी आलो! वरडतोस कशाला?"
(आमच्याकडं बायका आलो म्हणतात.
व्याकरणाचे मास्तर दुसऱ्या गावचे.)

सकाळी हिरेमठ साहेबांनी बोलावलं.
टेबलावर मेमोचा कागद, कोरा.
पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
"भाषेबद्दल नाही," कन्नडमध्ये म्हणाले,
"गाडी तीन मिनिटं उशिरा सुटली. कारण लिही."
मी कन्नडमध्येच लिहिलं:
प्रवासी पळत होती.
त्यांनी वाचलं, तारीख घातली,
फायलीत सारलं.

बटणाचं स्प्रिंग हल्ली ढिलं झालंय.
कधी कधी आपोआप दबून राहतं.
दुरुस्तीचा अर्ज
मी अजून दिलेला नाही.