पिवळी ओळ

ओउलूला, नदीच्या काठी, बंद पडलेल्या डेअरीच्या दुसऱ्या मजल्यावर
राकेल पुस्तकांतल्या ओळी पिवळ्या करते.
संगणकाची पुस्तकं, कागदावर कधीच न येणारी.
बारा ओळींचा कोड असला
तर त्यातली सातवी
हळद लागलेल्या नवरीसारखी
बाकीच्या वऱ्हाडातून उठून दिसली पाहिजे,
एवढंच तिचं काम.

सोपं वाटतं.

पण फोनवर सातवी ओळ मावत नाही, मोडते,
पिवळा पट्टा अर्ध्यावरच संपतो
आणि उरलेली ओळ खाली लोंबते
खोचायच्या राहिलेल्या शर्टासारखी.
काळ्या-पांढऱ्या वाचनयंत्रावर पिवळ्याची राख होते.
रात्रीच्या काळ्या पडद्यावर तोच पिवळा
इतका भडकतो की अक्षरं गिळतो.
आणि एकदा वाल्तेरीने, म्हणजे लेखकाने,
जरा मोकळं दिसावं म्हणून
तिसऱ्या ओळीनंतर एक रिकामी ओळ टाकली.
कुणाला सांगितलं नाही.
सगळी हळद एकेक पायरी खाली घसरली
आणि महिनाभर
एक महिरपी कंस, एकटाच,
पिवळ्या उजेडात उभा होता,
चुकून सत्काराला बोलावलेल्या माणसासारखा.

फेब्रुवारीत कायानीहून पत्र आलं.
ऑस्मो नावाचा माणूस. नगरपालिकेत पाणीपट्टीची बिलं बघतो,
संध्याकाळी प्रोग्रॅमिंग शिकतो,
कानाने.
यंत्र त्याला पुस्तक वाचून दाखवतं, दुप्पट वेगाने.
तक्रार नव्हती. चारच वाक्यं:

"तुमचं पुस्तक सारखं म्हणतं, पिवळी ओळ बघा.
माझं यंत्र पिवळा उच्चारत नाही.
ओळीचा नंबर दिलात तर बरं होईल.
त्याहून बरं, ती पिवळी का आहे ते सांगितलंत तर."

नंबर द्यायला एक दुपार लागली.
'का'ला सव्वा महिना.

दोनशे बारा पिवळ्या जागा.
राकेल एकेक उघडायची, वाल्तेरीला फोनवर विचारायची.
ही का?
नवी आहे.
ही?
चुकीची आहे, मुद्दाम.
ही?
मागच्या धड्यातलीच, फक्त नाव बदललंय.
ही?
मला आवडते.
ही?
पलीकडे नुसता श्वास,
मग कपात चमचा फिरल्याचा आवाज.

पी हळद नि हो गोरी!
ओळ पिवळी केली की वाचणाऱ्याला उमगलीच,
असं दोघं इतकी वर्षं धरून चालले होते.
एकोणचाळीस जागा त्यांनी पुसल्या.
उरलेल्यांच्या आधी एकेक साधं वाक्य आलं:
ओळ सात. उघडलेली फाइल इथे बंद होते.
हे वाक्य लिहायला वाल्तेरीला तीन दिवस लागले,
आणि तो म्हणाला, कोड लिहायला दहा मिनिटं लागली होती.

शेवटी एका रात्री राकेलने पडदा विझवला
आणि स्वतःचंच पुस्तक ऐकायला घेतलं.
कंस. अवतरण. स्वल्पविराम. चार जागा सोडून.
सातवीपर्यंत पोचायला केवढं चालावं लागतं!
पहिल्या सहा ओळी तिने कधी धड वाचल्याच नव्हत्या;
ती थेट पिवळ्यावर उतरायची,
मधली सगळी फांदी सोडून.

नवी प्रत ऑस्मोला पाठवली.
उत्तर दुसऱ्याच दिवशी, भर कचेरीच्या वेळेत:

"आभारी आहे. सातवी कळली.
नवव्या ओळीत एक कंस उघडलाय.
तो कुठेच बंद होत नाही."

राकेलने बघितलं. मग बोट ठेवून बघितलं.
चार आवृत्त्या, हजारो डोळे,
आणि नववी ओळ
कुणी कधी पिवळी केलीच नव्हती.