बायोडाटा, दोन प्रती

परभणीत, स्टेशन रोडला, चार पायऱ्या उतरून खाली
माझं दुकान : झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील.
अकरा वर्षं झाली, लोकांचे बायोडाटा टाईप करतोय.
फाईल एकच. नाव बदलायचं, जन्मतारीख बदलायची,
बाकी तसंच राहू द्यायचं :
मेहनती, प्रामाणिक, दबावाखाली काम करण्याची तयारी.
छंद : वाचन, क्रिकेट.
एकदा घाईत एका पोराच्या कागदावर
आधीच्या पोराच्या बापाचं नाव राहून गेलं.
नोकरी लागली त्याला. वाळूजला.
पेढे घेऊन आला तेव्हा हसत म्हणला,
कुणी वाचलंच नाही, काका.

एप्रिलात पंखा गरम वारा इकडून तिकडं करतो,
प्रिंटर कागद गिळतो,
बाकावर ओळीनं डिप्लोमा, बी.ए., बी.एस्सी. अ‍ॅग्री,
मांडीवर प्लास्टिकची फाईल, फाईलवर कोपराचा घाम.
कुणाला पुण्याला जायचंय, कुणाला कुठंही.
"भारी दिसलं पाहिजे," म्हणतात.
मी कडेनं निळी रेघ मारून देतो.
पाच रुपये जास्त.

आम्रपाली सूर्यतळ आली ती पावणेनऊला,
कुलपात किल्ली होती माझी.
आयटीआय, फिटर. मानवतच्या जिनिंगात दोन हंगाम.
मी फाईल उघडली, नाव बदललं.
ती पाठीमागून स्क्रीन वाचत होती.
"मेहनती खोडा."
का?
"मेहनती तर गाढवबी असतंय."

मग काय लिहू?
"लिहा : बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू येतं."
असं कुठं लिहितात का, बाई.
"आवाज बदलतो ना.
आधी सुपात ज्वारी पाखडल्यासारखा असतो,
मग एक दिवस दाताखाली खडा.
सुपरवायझरला दोनदा सांगितलं. हसला.
तिसऱ्या दिवशी शाफ्ट अडकला, अख्खी रात्र जिनिंग बंद,
बाहेर कापसाच्या गाड्या.
पुढच्या खेपेला सांगितलं तर मालक स्वतः आला,
कान लावून उभा राहिला.
त्याला काहीच ऐकू आलं नाही.
पण मशीन बंद करायला लावली त्यानं."
हे सगळं लिहायचं?
"सगळं. तारखेसकट."

छंद?
"तिथं मालकाचा नंबर टाका. विचारू द्या."

अर्धं पान कोरं राहिलं.
मला कोरं पान बघवत नाही, म्हणलं निळी रेघ तरी?
नको म्हणली.
दोन प्रती. चिल्लर मोजून दिली, एक नाणं परत घेऊन
दुसरं दिलं, ते चालणारं होतं.

तीन आठवड्यांनी परत दारात.
काय झालं जालन्याचं?
"दुपारपर्यंत बसवलं. मग साहेबानं वाचलं.
पूर्ण वाचलं, बोट फिरवत.
आत नेलं, पाच मोटारी चालू केल्या, म्हणला सांग."
मग?
"चौथी."
मग?
"उघडून बघितली त्यांनी. माझ्यासमोर.
म्हणले, बायांना रातपाळी नाही आमच्याकडं, कळवतो."
ती बाकावर बसली. पाणी प्यायली.
"अजून दोन प्रती काढा.
जालन्याचं बी घाला त्यात. चौथी मोटार. तारीख सांगते."

त्या दिवशी शटर ओढायच्या आधी
शेवटचा कागद काढला आणि हात थांबला माझा.
अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं :
प्रिंटरच्या डाव्या रोलरात, अगदी बारीक,
खडा.

दुसऱ्या दिवशी एक पोरगा.
"भारी दिसलं पाहिजे, काका."
तुला काय येतं रे?
तो पंख्याकडं बघत राहिला.
मागची रांग खाकरायला लागली.
बस जरा, म्हणलं. आठवून बघ.
तोवर दोघांचे फॉर्म भरले, एकाचं आधार लॅमिनेट केलं.

बसलाय अजून.
मघाशी एकदा तोंड उघडलं होतं त्यानं,
मग परत मिटलं.